बाराच्या आत मांडायचं टेबल

उश्तोबे, २ सप्टेंबर

रोद्या,

तुझा आवाजी निरोप मिळाला. मे महिन्यापासून तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, आणि आता बोललास तो हा: "एवाचं टेबल मांडणार असशील तर सांग. नसशील तर वेनेरा आई येऊन तिला ताल्दिकोर्गानला घेऊन जाईल." सासूचा धाक तेवढा; ना कशी आहेस, ना गुडघा कसा आहे. निरोप मी दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा एवा मांडीवर होती. बापाचा आवाज ऐकून तिने फोन चाटला.

फोनवर उत्तर देत नाही, कारण फोन तू मध्येच ठेवतोस. झोयाचा जावई शुक्रवारी कोरियाला, तुमच्या आन्सानला निघालाय, त्याच्या पिशवीत हे पत्र घालते. कागदाच्या मागच्या बाजूला गाणी छापलेली दिसतील. चर्चमध्ये आता गाणी भिंतीवरच्या पडद्यावर येतात, जुने गठ्ठे रद्दीत निघाले होते, मी उचलून आणले. एक बाजू कोरी आहे, फेकायचे कशाला?

आता टेबलाचं. मी अजून 'नाही' म्हटलेलं नाही. 'हो'ही म्हटलेलं नाही. तू पाच वर्षांचा होतास तेव्हा तुझा हात धरून मी पहिल्यांदा त्या चर्चमध्ये गेले. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं: थडग्यापुढे वाकायचं नाही, मेलेल्यांसाठी ताट वाढायचं नाही, साठीचं टेबल नाही, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं टेबल नाही. मी हात वर करून कबूल केलं. मला कोणी ढकललं नव्हतं. तुझं स्वतःचं टेबल त्याआधीच होऊन गेलेलं, तुझ्या आजीने मांडलेलं. मांडलेल्या वस्तूंतून तू कात्री उचललीस. सगळे म्हणाले शिंपी होणार. झालास वेल्डर.

आणि मे महिन्यातली बाबांच्या थडग्याची गोष्ट यात आणू नकोस. तू बाटली ओतलीस, तीनदा वाकलास, मी बाजूला उभी राहिले. मी माणसापुढे गुडघे टेकत नाही, जिवंत असो की मेलेला. तीस वर्षं संसार केला त्यांच्याशी, त्यांना हे ठाऊक होतं. त्यानंतर तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. तुझं तुला आठवत असेल.

एवाला खालचे दोन दात आलेत. अलिनाला सांग, जाडे मोजे पाठवू नको, मी विणलेत.

आई

*

उश्तोबे, २२ सप्टेंबर

रोद्या,

उत्तर तुझं नाही, अलिनाचं आलं. "आई, रोद्या म्हणतो टेबल हवंच, आणि ते वेनेरा आईच्या हॉलमध्ये करू." बरोबर चित्रं पाठवलीत. फुग्यांचा माणसाएवढा '१'. जमिनीवर पांढरा धूर. माइकवाला माणूस. बाळाला इतका फुगीर झगा की तिला हातच दिसायचे नाहीत, उचलणार कशी काय? मी विचारलं, धूर कशाला? म्हणाली, "व्हिडिओत छान दिसतं. इकडच्या फॅक्टरीतले सगळे बघणार आहेत." म्हणजे टेबल एवासाठी नाही, आन्सानच्या फॅक्टरीसाठी. हॉलचा खर्चही तिने सांगितला. मी रोजचा हिशेब लिहिणारी बाई आहे, पण तो आकडा वहीत लिहायला हात धजला नाही.

मग मी आज उपासना संपल्यावर पाळक हान यांच्याकडे गेले. ते सोलहून आलेत, चार वर्षं झाली, आपली रशियन अजून अडखळत बोलतात. माणूस वाईट नाही. हिवाळ्यात माझ्या दारातलं बर्फ त्यांनी दोनदा काढलंय. पण त्यांनी चर्चमध्ये जे जे आणलं ते तुला माहीत नाही. मागच्या खोलीत कॉफीचं यंत्र. प्रवेशाशी फोटो काढायचा कोपरा, कागदी फुलांचा. फेब्रुवारीत प्रेमिकांच्या दिवसाला लाल केक, नाताळात लाल टोपीचा म्हातारा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ही फक्त संस्कृती आहे, बहीण अग्नेसा. तरुणांना जोडून घ्यायचं तर आजच्या संस्कृतीशी बोलावं लागतं."

म्हणून आज मी त्यांनाच धरलं. म्हटलं, "पाळकसाहेब, माझ्या नातीचं आस्यांदी. पहिल्या वर्षाचं टेबल."

त्यांचा चेहरा उतरला. "हे टेबल कोणासाठी? मेलेल्यांसाठी?"

"एक वर्षाच्या मुलीसाठी. तिला मुळी मेलेलं कोणी माहीतच नाही."

"पण मूल वस्तू उचलतं आणि लोक भविष्य सांगतात."

"सांगतात. आणि ते कधी खरं होत नाही. माझ्या पोराचं विचारा."

हसले. मग मी त्यांना सगळं समजावलं, जसं तुझ्या आजीने मला समजावलं होतं. माणसाला आयुष्यात तीन टेबलं. पहिलं आईबाप मांडतात, एक वर्षाचा झाल्यावर. दुसरं लग्नाचं. तिसरं साठीचं, ते मुलं मांडतात. पहिलं राहिलं तर पुढची दोन मांडता येत नाहीत. आपल्यात असं एकही घर नाही जिथे हे मानत नाहीत. पोस्टातल्या नतालियाचं पहिलं टेबल राहून गेलेलं, तिने लग्न नोंदणी कचेरीत केलं आणि साठीला दार लावून बसली. लेक केक घेऊन आली तर म्हणाली, शेजाऱ्यांना दे, मला नको.

पाळक म्हणाले, "ही भीती आहे. प्रभू भीतीतून सोडवतो."

रविवारच्या वर्गात मीच मुलींना शिकवते की चांगला दिवस, वाईट दिवस असं काही नसतं. पण मी म्हटलं, "आमच्या कोरियन आजी-आजोबांना सरकारने पूर्व टोकाकडून मालगाडीत घालून या माळावर आणून टाकलं. त्यांची भाषा गेली, नावं गेली. मी अग्नेसा आहे, अशी कोरियन बाई तुम्ही सोलमध्ये पाहिलीत? उरलं ते हे टेबल. सोलचं नवीन सगळं तुम्ही दारातून आत घेता, कोणी तपासत नाही. आमचं जुनं तेवढं उंबऱ्यावर अडवता."

ते खूप वेळ कप फिरवत बसले. उद्या विचार करून सांगतो म्हणाले. तेवढंच.

तुझ्यावरही रागच आहे. तू तिथे वेल्डिंग करणार, आणि इथे पाळकांशी वाद मी घालायचा.

आई

*

उश्तोबे, ६ ऑक्टोबर

रोद्या,

पाळकांनी परवानगी दिली. ऐक आणि मग ओरड.

रविवार, २० तारीख. उपासना होईल, कॉफी होईल, मग दुपारी एक वाजता चर्चच्या मोठ्या खोलीत "आभाराचा कार्यक्रम". केक, फुगे, पडद्यावर गाणं, प्रार्थना. कुटलेल्या भाताची चाल्तोगी नाही, दोरा नाही, कात्री नाही, उचलणं नाही. त्यांना केवढा आनंद झाला होता! रात्रभर विचार करून मार्ग काढला म्हणाले. सोलमध्ये त्यांच्या भाच्याचं असंच केलं, शनिवारी संध्याकाळी, हॉटेलात, सगळ्यांना सुट्टी होती म्हणून.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, तिचा वाढदिवस सतरा तारखेला. गुरुवार."

"हो, पण रविवारी सगळे येऊ शकतील."

"आधी चालतं. नंतर चालत नाही. आणि बाराच्या आत."

"का?"

मला काय माहीत का! बाराच्या आत म्हणजे बाराच्या आत. जितकं लवकर तितकं चांगलं, काही जण सकाळी नऊलाच उरकतात. ते शांतपणे म्हणाले, "बहीण अग्नेसा, वार आणि वेळ पाहणं ही अंधश्रद्धा आहे, हे तुम्ही मुलींना शिकवता ना?" माझेच शब्द माझ्या पदरात. मी "बरं" म्हटलं. शब्द दिला मी, रोद्या. माझ्या तोंडाने दिला.

मग स्वयंपाकघरात भांडी घासताना मी झोयाला सांगितलं. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "एक वाजता? दुपारी एक?" तेवढ्यात रायसा आली. ही रायसा तुला आठवते ना, जिने सासऱ्याच्या साठीला जायला नकार दिला होता आणि चर्चमध्ये उभं राहून तसं सांगितलंही होतं. तिने ऐकलं आणि टॉवेल आपटला. "तीन दिवस उशिरा आणि तेही जेवण झाल्यावर? त्या मुलीने काय पाप केलंय?"

मी म्हटलं, "रायसा, आपण हे मानत नाही."

"मानत नाहीच! पण म्हणून काय दुपारी करायचं?"

वालेंतिना धरून चौघी जणी होतो. पंचवीस वर्षं टेबल म्हणजे मूर्तिपूजा असं सांगत आलेल्या चौघी. आणि एकीलाही एक वाजण्याचा विचार सहन होत नव्हता. वालेंतिना तर म्हणाली, "फुगे आणा, धूर आणा, ड्रम वाजवा, काहीही करा. पण एक वाजता नको." मला हसू येत होतं आणि रडूही. पण पाळकांकडे जाऊन बोलायला एकही तयार नाही. "तू शब्द दिलास ना? मग तूच बघ."

आणि काल वेनेरा आली. तुझी सासू. गाडीतून उतरली तीच फोन पुढे धरून. एवाला उचललं, फोटो काढला, मग मला म्हणाली, "विहीणबाई, तुमचा धर्म मला कळतो. पण मुलीचं आयुष्य आहे. सतरा तारखेला सकाळी टेबल दिसलं नाही तर मी तिला घेऊन जाणार. रोद्याने मला सांगितलंय."

मी म्हटलं, "रोद्याने मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्याला ओळखता."

ओळखते. मीच वाढवला. लहानपणी ताटातला भाजलेला मासा आवडला नाही तर ताट खाली सरकवून टेबलाखाली बसायचास. आता आन्सानला जाऊन बसलायस, एवढाच फरक.

ती निघताना मुलीचे कपडे कुठे ठेवलेत ते पाहून गेली. कपाट उघडून पाहिलं. माझ्या घरात.

आई

*

उश्तोबे, १५ ऑक्टोबर

रोद्या,

हे पत्र छोटं आहे, कारण वेळ नाही.

मी काही मांडत नाहीये. पाळकांना रविवारचा शब्द दिलाय आणि रविवारी केक होणारच आहे, झोयाच्या मुलीने ऑर्डर दिलीय. चिकट तांदूळ भिजत घातलेत ते खायला घातलेत. माणूस कधीतरी चिकट तांदूळ खातो. लाकडी मोगरी शेजाऱ्यांकडून आणलीय, कारण त्यांना ती नको होती. टेबलावरचा पांढरा कपडा धुतला कारण तो मळला होता.

प्रार्थना केली. तीन दिवस एकच प्रार्थना. उत्तर आलं नाही. पाळक म्हणतात शांतता हेही उत्तर असतं. मला वाटतं कधी कधी प्रभूला वाटत असेल, या बाईला माहीत आहे काय करायचं, मला का विचारते?

गुडघे टेकते तेव्हा एवा माझ्या पाठीवर चढते. तिला वाटतं मी घोडा झाले.

तू सतरा तारखेला रजा घेऊ शकतोस का, असं अलिनाला विचारलं. म्हणाली, फॅक्टरीत फोन कपाटात ठेवून आत जावं लागतं. म्हणजे टेबल मांडलं काय, नाही मांडलं काय, तू बघणार नाहीस. आणि माझ्यावर हुकूम सोडतोस.

आई

*

उश्तोबे, १७ ऑक्टोबर

रोद्या,

एवा झोपलीय. तोंडाला भात चिकटलेला आहे, पुसला तर जागी होईल म्हणून तसाच ठेवलाय.

पहाटे पाचला उठले. भात वाफवला, मोगरीने कुटायला बसले. एकटीने कुटायचा नसतो, हात दुखतो आणि भात गार पडतो. पण बोलावू कोणाला? मी तर काही मांडत नव्हते. दोन-चार ठोके झाले आणि दार वाजलं. झोया. म्हणाली, "तुझी चाळणी परत द्यायला आले." माझी चाळणी तिच्याकडे नव्हतीच. तिने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि माझ्या हातातून मोगरी घेतली.

मग वालेंतिना आली. आपल्या कोपऱ्यावरून जाताना दिवा दिसला म्हणे. दिवा! सकाळी साडेसातला उजेडात. तिच्या पिशवीत लाल वाटाण्याचं पीठ होतं, चाल्तोगीवर लावायला. मग रायसा आली, शेवटी, काळा कोट, जणू अंत्यविधीला. दारात उभी राहून म्हणाली, "मी फक्त बघायला आलेय, तू काही चुकीचं करत नाहीस ना."

"करतेय," मी म्हटलं.

"मग आत येते."

रोद्या, मला तुला काही सजवून सांगायचं नाही. टेबल लहान होतं, तेच स्वयंपाकघरातलं. पांढरा कपडा. तीन वाडगे चाल्तोगीचे, एक भाताचा, एक घेवड्याच्या दाण्यांचा. मी त्यावर माझं बायबल ठेवलं, आणि ठरवलं होतं की बस, एवढंच. उचलण्याचं काही ठेवायचं नाही. पाळकांचं तेवढं तरी ऐकायचं. एवाला निळा फ्रॉक घातला, तुझ्या बाबांच्या जुन्या शर्टाचा शिवलेला. वेनेराने आणलेला फुगीर झगा गाडीत परत गेला, कारण एवा तो पाहून किंचाळली.

हो, वेनेरा आली होती, दहाला. गाडीत एवाच्या सामानासाठी रिकाम्या पिशव्या होत्या, मी पाहिल्या. टेबल बघून थांबली. मग फोन काढला. मग म्हणाली, "पण दोरा कुठे आहे? कात्री? हे काय टेबल झालं?"

मी म्हटलं, "दोरा नाही ठेवायचा. मी पाळकांना..."

आणि रायसाने पिशवी उघडली. दोऱ्याचं रीळ काढलं, कात्री काढली, पेन्सिल काढली. टेबलावर नीट मांडली, एकमेकींपासून बरोबर अंतरावर.

"रायसा, हे काय?"

"माझ्या पिशवीत नेहमी असतं."

"पेन्सिलसुद्धा?"

"हिशेब लिहायला."

झोया हसून हसून भिंतीला टेकली. वालेंतिनाने एक नोट ठेवली आणि म्हणाली, "ही नंतर परत घेणार, बरं का." अकरा वाजायला आले होते. मी प्रार्थना केली, मोठ्याने, सगळ्यांनी माना खाली घातल्या, वेनेरानेसुद्धा. प्रार्थनेत मी तुझं नाव घेतलं. तुझ्या बाबांचंही घेतलं, ते आधी कधी घेतलं नव्हतं. त्यांच्यासाठी मागितलं काही नाही, ते आपल्यात चालत नाही. फक्त आभार मानले, की ते होते.

मग एवाला टेबलापाशी उभं केलं. आणि मी पाठ फिरवली. खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. उचलणं मी मानत नाही, तर ते बघणार कशाला? माझ्या मागे सगळ्या एकदम ओरडल्या. "अगं बघ!" झोया म्हणाली. मी बघितलं नाही. "अग्नेसा, दगड आहेस का तू!" वेनेरा. मूल तीनदा उचलतं; दुसऱ्या वेळी पुन्हा ओरडल्या. तिसऱ्यांदा कोणीच ओरडलं नाही, रायसाने नाक पुसल्याचा आवाज आला. तरी मी वळले नाही.

काय उचललं ते मला माहीत नाही. मला सांगू नका म्हटलं. तुला हवं असेल तर वेनेराला विचार.

ती पिशव्या रिकाम्या घेऊन गेली. जाताना म्हणाली, "विहीणबाई, तुमचं टेबल साधं होतं. पण टेबल होतं."

आई

*

उश्तोबे, २८ ऑक्टोबर

रोद्या,

वेनेराने व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. त्यावर हृदयं, वर संगीत, खाली लिहिलं: 'आमच्या राजकन्येचं पहिलं टेबल'. अख्ख्या उश्तोबेने पाहिलं, चर्चच्या मुलांनी पाहिलं, आणि शुक्रवारी पाळक हानांनी पाहिलं. तिने फोन टेबलाच्या दिशेने धरला होता. त्यात हात सगळ्यांचे दिसतात, वाडगे सरकवणारे, भात पुसणारे, एवाला पकडणारे. चेहरा फक्त माझा. तोही पाठमोरा, मग सगळं उरकल्यावर एकदा वळलेला.

तूही पाहिलास. तुझ्याकडून अंगठा आला. एक पिवळा अंगठा. सप्टेंबरपासून मी गाण्यांच्या कागदांच्या पाठी भरभरून लिहितेय, आणि उत्तर एक अंगठा.

त्या रविवारी, २० तारखेला, फुगे लावलेले होते. पाळकांनी कार्यक्रम केला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही मला शब्द दिला होता." मी म्हटलं, "रविवारचा दिला होता. रविवार आला, केक आणा." ते लाल झाले. म्हणाले, "पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून टेबलाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करा. नाहीतर तुम्ही भाकरी घेऊ शकणार नाही." केक आधीच कापलेला होता, त्यामुळे तो सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला. चवीला बरा होता.

रायसाला मी घरी जाताना म्हटलं, "तू काही बोलणार आहेस?" ती रस्त्याकडे बघत चालत राहिली. झोया म्हणाली, "व्हिडिओत आम्ही दिसत नाही." मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. स्वयंपाकघरात चार बायका भांडी घासतात आणि नळाचाच आवाज.

काल प्रभुभोजन झालं. पाळकांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. सगळे बघत होते, समोरची मुलं फोन बंद करून बघत होती, हे तरी काही कमी नाही. मी म्हटलं: मी पाळकांना दिलेला शब्द वाकवला, त्याबद्दल मी माफी मागते, त्यांच्याकडे आणि देवाकडे. मी खोटं बोलले की तांदूळ खायला भिजवलेत, त्याचीही माफी. टेबलाची माफी मागणार नाही. त्या टेबलावर मी कोणापुढे वाकले नाही आणि कोणाला वाकायला लावलं नाही. मग बसले. गुडघा दुखत होता.

पाळक वेदीकडे वळले. भाकरीचं ताट फिरवायला दिलं. सेवेला असलेला अर्तुर ते घेऊन फिरत होता. माझ्यापर्यंत आलं, मी न घेता झोयाकडे सरकवलं. झोयाने ताट हातात धरलं. खूप वेळ. मग न घेता वालेंतिनाकडे दिलं. वालेंतिना रडायला लागली, पण तिनेही घेतली नाही. पुढे रायसा. रायसाने एक तुकडा उचलला, तोंडात टाकला, चावला, आणि मग डोळे मोठे झाले तिचे, जणू तेव्हाच कळलं काय केलं ते. तिने ताट अर्तुरला परत दिलं आणि तोंड पदराने झाकावं तसं रुमालाने झाकलं. मागच्या बाकांवर काही जणींनी घेतली, काहींनी नाही. त्यातल्या कितींनी घरी लपून टेबलं मांडली होती, ते प्रभूलाच ठाऊक. ताट परत वेदीवर गेलं तेव्हा अर्तुर त्याकडे बघत राहिला, एवढी भाकरी कधी उरली नव्हती.

उपासना संपली. पाळक आमच्या बाकापाशी आले. "बहीण झोया, तुम्ही का नाही?"

"मी भात कुटला," झोया म्हणाली.

"तुम्ही?"

"वाटाण्याचं पीठ," वालेंतिना.

त्यांनी रायसाकडे पाहिलं. तिचं तोंड अजून भरलेलं होतं. "मी फक्त दोरा दिला," ती म्हणाली. "आणि कात्री."

ते पुढच्या बाकावर बसले, आमच्याकडे पाठ करून. तरुण माणूस, मान किती बारीक आहे त्याची. म्हणाले, "सोलमध्ये असतो तर मला माहीत असतं काय करायचं." आम्ही कप गोळा केले. कोणी कोणाला जिंकलं नाही, रोद्या. पुढच्या महिन्यात भाकरी मिळेल की नाही मला माहीत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या जिभेवर ती नव्हती, आणि ते मला सोपं गेलं असं समजू नकोस. घरी आल्यावर काही खावंसं वाटलं नाही.

आता तुझं. अलिनाने लिहिलंय की व्हिसाचं जमलं तर एवाला तुम्ही तिकडे नेणार, वेनेरा घेऊन येईल. नाही. वेनेरा नाही. मुलगी सामानात बांधून पाठवायची गोष्ट नाही. टेबल मी मांडलं, तू सांगितलंस ते झालं, बाराच्या आत झालं, त्याची मला जी किंमत पडायची ती पडली. आता तिला न्यायला तू स्वतः ये. अलिनाला आण. तिला एवाने ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, दोन दिवसांत ओळखेल.

तू माझ्यासाठी येणार नाहीस, मला कळतं. मग बाबांसाठी ये. आलास की आपण दोघे सकाळीच कबरस्तानात जाऊ. बाटली तू घे, मी काही बोलणार नाही. मी वाकणार नाही, ते तू मागू नकोस. पण तू वाकशील तेव्हा तुझा कोट मी धरून उभी राहीन.

आई